वाळूत ताकदवान गाडी रुतते आणि साधी गाडी निघून जाते, असं का?

पायवाट
नमस्कार मंडळी,

माझी गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे ताकद चारही चाकांना जाते. लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे जादा गियर) आहे, मागचा डिफ लॉक होतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, इंजिनात ताकद भरपूर. चिखल, ओढे, दगडगोटे, कुठेही तिने मला अडवलेलं नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच वाळूच्या टेकड्यांत नेली आणि एका दुपारी तीनदा रुतली. तिसऱ्या वेळी तर थेट पोटावर बसली. दार उघडायला गेलो तर दाराची खालची कड वाळू खरवडत होती.

सोबत मित्राची गाडी होती. माझ्यापेक्षा जुनी, इंजिन लहान, डिफ लॉक नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत त्याच वाटेने निघून गेली आणि नंतर त्यानेच मला ओढून काढलं. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "तू चाकं फार फिरवतोस." तो मुळातच कमी बोलतो, त्यामुळे पुढे काही कळलं नाही.

पुढच्या महिन्यात परत जायचं आहे. रुंद टायर घ्यावेत का? की पुढचाही डिफ लॉक बसवून घ्यावा? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

चाकोरी
टायरमध्ये हवा किती होती?

पायवाट
रस्त्यावर असते तेवढीच, ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप). वाळूत हवा कमी करतात हे ऐकलं होतं, पण टायर रिममधून निघेल या भीतीने केली नाही.

चाकोरी
मग टायर आणि लॉकवरचा खर्च तूर्त थांबवा. तुमचं उत्तर झडपेच्या टोपीखाली आहे.

ढोबळ हिशोब करून बघा. गाडी दोन टनांची धरली तर प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो येतात. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ अडीच किलो. तेवढा भार पेलायला टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो, म्हणजे पसरलेल्या तळहाताहून थोडा जास्त. तीच हवा १५ पीएसआयवर आणली की टेकणारा भाग पावणेपाचशेच्या आसपास जातो. टायरची स्वतःची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल, पण फरक याच मापाचा असतो. अडीच किलोचा दाब एक किलोवर आला. वाळूला एवढंच हवं असतं.

यात लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हवा कमी केल्यावर टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांब ठसा पडतो. म्हणून रुंद टायरने जो फायदा मिळेल असं तुम्हाला वाटतंय, त्याहून कितीतरी मोठा फायदा आहे त्याच टायरची हवा सोडून मिळतो. रुंद टायरला समोरची वाळू ढकलावी लागते, लांबट ठसा तिच्यावर चढतो.

सुरुवात १८ ने करा. गाडी जड वाटली, इंजिन कण्हायला लागलं तर १५. फारच भुसभुशीत असेल तर १२. त्याखाली जायचं ते रुतल्यावर, बाहेर निघण्यापुरतं आणि अगदी सावकाश चालवत. टायर रिममधून निघण्याची तुमची भीती खरी आहे, पण ती दहाच्या खाली आणि वेगात झटक्याने वळवल्यावर. १५ वर सरळ चालवणाऱ्याला ती बाळगायचं कारण नाही.

टिटवी
चाकोरी यांच्याशी शब्दशः सहमत. एक भर घालते: हवा वाळूत शिरण्याआधी सोडायची. "बघू, रुतली तर सोडू" असं म्हणणारे लोक पोटावर बसलेल्या गाडीखाली आडवे होऊन झडप शोधत असतात. आणि झडपेच्या टोप्या खिशात ठेवा. बॉनेटवर ठेवलेली टोपी परत मिळालेली मी अजून पाहिली नाही.

गियरबॉक्स
हवा वगैरे ठीक आहे, पण वाळू म्हणजे वेग. खालच्या गियरमध्ये इंजिनाचे फेरे वर ठेवायचे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. मी बारा वर्षं वाळूत चालवतोय. २५ पीएसआयच्या खाली कधी गेलो नाही आणि माझी गाडी रुतलेली नाही.

चाकोरी
गियरबॉक्स, तुमच्या गाडीचं वजन किती? आणि कुठली वाळू? ओल्या किनाऱ्यावर २५ ने सहज निघून जाता येतं.

गियरबॉक्स
वजन बाराशे किलोच्या आसपास. वाळू बहुतेक किनाऱ्याचीच, हे मान्य. पण टेकड्यांतही गेलोय.

चाकोरी
मग आपलं भांडण नाही. टायरचा ठसा तेवढाच धरला तर बाराशे किलोच्या गाडीचा वाळूवरचा दाब २५, दोन टनांच्या गाडीचा चाळीसच्या वर. तुमची गाडी मुळातच वाळूवर हलकी पडते.

निवडुंग
वेगाबद्दल गियरबॉक्स यांच्याशी अर्धा सहमत, अर्धा पूर्ण असहमत. गती टिकवणं आणि वेगात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळू गाडीला सतत मागे ओढत असते, म्हणून गती तुटू द्यायची नाही, हे बरोबर. त्यासाठी ॲक्सिलरेटर एकसारखा हवा. दाबला-सोडला, दाबला-सोडला की चाक जागच्या जागी फिरतं आणि फिरणारं चाक वाळूत एकच काम करतं: विहीर खणतं. पायवाट, तुमच्या मित्राने चार शब्दांत हेच सांगितलं.

पूर्ण असहमत कशाशी, तर "पाय उचलायचा नाही" याच्याशी. गाडी पुढे जायची थांबली आणि चाकं फिरतच आहेत, त्या क्षणी पाय उचलायचा. त्याच सेकंदाला. तेव्हा गाडी फक्त थांबलेली असते, रुतलेली नसते. तिथून मागचा गियर टाकून आपल्याच चाकोरीतून अलगद मागे येता येतं, कारण ती वाळू आपणच दाबून घट्ट केलेली असते. आणखी पाच सेकंद जोर लावला की चासी (गाडीचा खालचा सांगाडा) टेकते आणि पुढचा तास फावड्याचा.

हे मी फार महागात शिकलो. चढावर गाडी अडली, मी इरेला पेटून ॲक्सिलरेटर दाबून धरला, मागची चाकं नाचायला लागली आणि ॲक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला. सोबत दुसरी गाडी होती म्हणून त्या रात्री मुलं घरी पोचली. तेव्हापासून एकट्या गाडीने टेकड्यांत शिरत नाही.

जिज्ञासा
वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न: माझ्या गाडीत ऑल व्हील ड्राइव्ह आहे, लो रेंज नाही. मी अशा ठिकाणी जावं का?

निवडुंग
प्रश्न बाळबोध अजिबात नाही. सपाट, घट्ट वाळूवर हवा कमी करून जाता येईल. टेकड्यांत नेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना ताकद एका क्लचमार्फत जाते. वाळूत तो सतत घसरत राहतो, तापतो आणि गाडी स्वतःला वाचवायला मागच्या चाकांची ताकद बंद करते. नेमक्या चढावर तुमची गाडी दोन चाकी ओढीची होते.

आणि हो, हे सर्वांसाठी: ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणा) बंद करून ठेवा. चाक जरा घसरलं की ती यंत्रणा इंजिनाची ताकद कापते. डांबरी रस्त्यावर त्याने जीव वाचतो, वाळूत त्याने गती मरते. काही नव्या गाड्यांत 'सँड' मोड असतो, तो हेच काम थोडं शहाणपणाने करतो. परत रस्त्याला लागताना मात्र आठवणीने चालू करा.

अंशरेखा
ज्या धाग्यावर वाळू आणि गाडी एकत्र येतात तिथे राल्फ बॅग्नोल्डचं नाव निघालंच पाहिजे.

हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणूक असताना त्याने सुट्ट्यांमध्ये मित्रांसोबत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियन वाळवंटात जायला सुरुवात केली. आधी मॉडेल टी, मग मॉडेल ए. नाईलच्या पश्चिमेचा महावाळूसागर मोटारीने ओलांडणं अशक्य मानलं जात होतं. १९३० च्या सुमारास हे लोक त्या टेकड्या चढून गेले. टायरची हवा कमी करणं, रुतल्यावर चाकाखाली पोलादी पन्हाळी सरकवणं, उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून पाणी परत मिळवणं, लोखंडी गाडीत चुंबकसूची भरकटते म्हणून सूर्यसावलीचं होकायंत्र वापरणं, हे सगळं त्यांनी जागेवर, चुका करत बसवलं. १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. १९४१ मध्ये वारा वाळू कशी वाहून नेतो यावर त्याचं पुस्तक आलं. त्या विषयाचे अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.

आता पायवाट यांच्या प्रश्नाशी याचा संबंध. बॅग्नोल्डच्या त्या फोर्ड गाड्या फोर बाय फोर नव्हत्या. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. त्याच्या पथकाने युद्धात वापरलेले शेव्हरोले ट्रकही बहुतांश दोन चाकी ओढीचेच होते. हलकी गाडी, कमी हवा आणि पुढची वाळू वाचणारी नजर, एवढ्यावर ती माणसं हजारो किलोमीटर फिरली.

गियरबॉक्स
हे माहीत नव्हतं. दोन चाकी ओढीने महावाळूसागर! वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद अंशरेखा.

भोवरा
जुनं कशाला, वाळवंटातली मोटारशर्यत डकार रॅली घ्या. २०१६, २०१७ आणि २०१८ ला मोटारींच्या गटात जिंकलेल्या प्यूजोच्या गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. नियमांनी त्यांना चालकाच्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करायची मुभा होती. म्हणजे फोर बाय फोरशी स्पर्धा करताना त्यांच्या हातात काय होतं, तर हवेचं बटण.

अंशरेखा
ते बटणही जुनंच. दुसऱ्या महायुद्धातल्या डीयूकेडब्ल्यू या अमेरिकन उभयचर ट्रकमध्ये चालक बसल्या जागेवरून हवा बदलू शकत असे. समुद्रातून किनाऱ्यावर चढताना कमी, रस्त्याला लागला की जास्त.

जिज्ञासा
"पुढची वाळू वाचणारी नजर" म्हणजे नेमकं काय वाचायचं?

निवडुंग
जिज्ञासाताई, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. जरा सविस्तर लिहितो.

वारा ज्या बाजूने येतो ती टेकडीची बाजू लांब आणि सौम्य उताराची असते, आणि वाऱ्याने ठोकून घट्ट झालेली असते. माथ्यापलीकडे वारा पडतो, तिथे वाळू नुसती ओतल्यासारखी पडून राहते. ती घसरण ३२ ते ३४ अंशांची, कारण कोरडी वाळू त्याहून जास्त उभी राहूच शकत नाही. तिथे पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत जातं. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने, उतरायचं घसरणीवरून. उलटं करू गेलात तर कुठलीही गाडी हरते.

पृष्ठभागावरच्या बारीक लाटा बघा. लाटा ठसठशीत दिसत असतील तर वाळू बहुधा घट्ट. गुळगुळीत, मखमलीसारखा भाग दिसला की सावध. हा काही पक्का नियम नाही, म्हणून शंका आली की गाडी थांबवून चालत जा. टाच किती रुतते ते बघा. मी आजही माथ्यावर चालत जाऊन पलीकडे पाहून येतो. एवढ्या चालण्याचा कंटाळा केलेल्या लोकांच्या गाड्या मी उलट्या झालेल्या पाहिल्या आहेत.

वेळेलाही महत्त्व आहे. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन तिरपं असतं, प्रत्येक खड्ड्याला सावली असते. भर दुपारी सावल्या नाहीशा होतात आणि समोरचा तीन मीटरचा खड्डाही सपाट दिसतो. शिवाय पहाटे वाळूत दवाचा ओलावा असला तर कण एकमेकांना धरून ठेवतात. पायवाट, तुम्ही दुपारी गेलात असं लिहिलंय. ३५ पीएसआय आणि भर दुपार, दोन्ही तुमच्या विरुद्ध होतं.

सारथी_ताई
टेकडीबद्दल काही गोष्टी मी पोटतिडकीने लिहितेय, कारण इथे चूक झाली तर गाडी रुतत नाही, उलटते.

टेकडीवर कधीही आडवं जायचं नाही. चढायचं सरळ, उतरायचंही सरळ. उतारावर गाडी तिरकी होऊन घसरायला लागली तर मन सांगतं की स्टिअरिंग वरच्या बाजूला वळव. ऐकू नका. उताराच्या दिशेने वळवा, हलकासा ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. घसरणीवरून उतरताना लो रेंज, पहिला गियर, इंजिनाच्या रोधावर. ब्रेक दाबला की पुढची चाकं अडतात आणि मागचा भाग वळून पुढे यायला बघतो. तसं झालं तरी उपाय तोच, किंचित ॲक्सिलरेटर.

चढ अर्धवट राहिला तर तिथल्या तिथे वळायचा विचारसुद्धा नको. लगेच रिव्हर्स, त्याच चाकोरीतून, सरळ खाली. आणि काचेतून डोकं बाहेर काढून पुढची चाकं कुठे बघताहेत ते पाहा. वाळूत स्टिअरिंग जड लागतं, चाकं वळलेली असतात आणि हाताला कळत नाही.

माथ्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागतो. वेगात माथा ओलांडला की पुढची चाकं हवेत, आणि खाली काय आहे ते तेव्हा दिसतं. माझ्या थोरल्या भावाची गाडी अशीच उडाली होती. खाली नाक आपटलं आणि त्याच्या पाठीचा मणका चिरला. सात महिने तो अंथरुणात होता, मी जवळून पाहिलंय. तो आता बरा आहे, गाडीही चालवतो, पण माथा दिसला की आम्ही दोघं आपोआप गप्प होतो.

पलीकडून दुसरी गाडी त्याच माथ्यावर येत असू शकते, म्हणून उंच काठीवर झेंडा लावतात. ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात अकराशेच्या वर समांतर टेकड्या ओलांडाव्या लागतात, तिथे हा झेंडा सक्तीचा आहे. सक्ती नसेल तिथेही लावा.

टिटवी
ताई, भाऊ बरा आहे हे वाचून खूप बरं वाटलं. मणक्याचं मी पहिल्यांदाच वाचलं. हा प्रतिसाद प्रत्येक नवीन माणसाला वाचायला द्यायला हवा.

पायवाट
सारथी ताई, मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतोय. आता रुतल्यावर काय करायचं तेही सांगा. मित्राने मला माझ्या टो बॉलला दोर बांधून ओढलं होतं. दोन झटक्यांत निघाली.

पाना_पक्कड
पायवाट, हे पुन्हा कधीही करू नका. मित्रालाही आजच सांगा.

टो बॉल हा मागे जोडलेली ट्रेलर एकसारखी ओढायला बनवलेला असतो. रुतलेल्या गाडीला झटका देताना येणारा ताण त्याच्या कितीतरी पट असतो. तो गोळा मानेतून तुटला की ताणलेल्या दोरासकट तोफेच्या गोळ्यासारखा येतो. काच फोडतो आणि आतल्या माणसाला लागतो. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. पुढच्या बाजूला जे बारीक हुक असतात तेही बहुतेकदा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठीचे असतात, ओढण्यासाठीचे नाहीत. चासीला बोल्ट केलेला, भार छापलेला रिकव्हरी पॉइंटच वापरायचा. तो नसेल तर टायरऐवजी पैसे त्यावर घाला.

दोर नायलॉनचा, ताणला जाणारा हवा. तो वीस-तीस टक्के लांबतो आणि ओढ रबरासारखी, हळूहळू देतो. पोलादी तारेने किंवा साखळीने झटका द्यायचा नाही. दोरावर मधोमध जड चादर किंवा त्यासाठीची पिशवी टाका, म्हणजे तुटला तर खाली पडेल. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. आणि दोर ओलांडून कुणी जायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

पण ओढणं ही शेवटची पायरी. आधी हे: गाडीभोवती एक फेरी मारा, पोट टेकलंय का बघा. टेकलं असेल तर डिफ आणि ॲक्सलखालची वाळू काढा. प्रत्येक चाकासमोर उतरता चर खणा, चाकाला वर चढायला उतार मिळेल असा. हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. खाचांच्या फळ्या असतील तर चाकाला चिकटवून सरकवा. मग अलगद निघा. दहापैकी आठ वेळा दोराची गरजच पडत नाही. चाकं फिरत असताना फळ्यांच्या मागे किंवा पुढे कुणी उभं राहू नये, त्या उडतात.

जॅक लावायचा असेल तर खाली रुंद पाट हवा, नाहीतर गाडी वर न जाता जॅकच खाली जातो.

पायवाट
हात थरथरले वाचताना. मित्राला आत्ताच फोन केला. त्यालाही हे माहीत नव्हतं. आभार हा शब्द पुरेसा नाही.

भोवरा
अवांतर: रुतण्याचं दुःख फक्त आपलंच नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये नासाची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावर वाळूच्या लहानशा टेकाडात रुतली. सहा चाकं, सहाही ओढीची! शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर तशीच भुसभुशीत माती तयार करून जुळ्या गाडीवर सराव केला आणि पाच आठवडे इंच इंच करत तिला बाहेर काढलं. तिची बहीण स्पिरिट २००९ मध्ये रुतली. तिचं एक चाक आधीच निकामी होतं. ती निघाली नाही. जानेवारी २०१० मध्ये ती जागेवरूनच काम करेल असं जाहीर केलं.

जिज्ञासा
आणि तिथे हवा सोडायची सोय नाही, चाकं धातूची :( स्पिरिटबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं.

चाकोरी
पण त्या लोकांनी पहिल्यांदा काय केलं ते बघा. थांबले. गडबडीने चाकं फिरवली नाहीत. करोडो किलोमीटरवरून शांतपणे विचार केला. आपण तर गाडीशेजारीच उभे असतो.

समुद्रपक्षी
सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. पण किनाऱ्याचा उल्लेख आलाय म्हणून एक विनंती, आणि ती मी कळकळीने करतेय.

किनारा म्हणजे मोकळं मैदान नाही. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू कासवं अंडी घालायला निवडतात. गाडीच्या वजनाने वाळू दबते आणि पिल्लांना वर येणं अवघड होतं. जी येतात ती समुद्राकडे निघतात आणि चाकोरीत पडतात. आपल्याला दहा सेंटिमीटरची वाटणारी ती चाकोरी त्यांच्यासाठी भिंतींची गल्ली असते. समुद्राकडे जायचं सोडून ती चाकोरीतूनच लांबवर चालत राहतात, थकतात, पक्षी आणि खेकडे त्यांना उचलतात. काही किनारी पक्षी तर उघड्या वाळूवर अंडी घालतात. रंग इतका सारखा की दोन पावलांवरूनही दिसत नाहीत.

मी विणीच्या हंगामात किनाऱ्यावर गस्तीचं काम केलंय. एका पहाटे चाकोऱ्या बुजवत चालत होते, एकाच चाकोरीत अकरा पिल्लं सापडली. नऊ जिवंत होती.

गियरबॉक्स
मी नेहमी ओल्या वाळूवरूनच चालवतो, त्यामुळे काही बिघडत नसावं असं वाटतं. सगळ्यांनाच नको म्हणणं थोडं जास्त होतं.

समुद्रपक्षी
ओली वाळू कोरडीपेक्षा नक्कीच बरी, पण तिथे पोचायला कोरडी ओलांडावीच लागते. मी सगळ्यांना नको म्हणत नाहीये. जिथे परवानगी आहे तिथे, आखलेल्या वाटेने, विणीचा हंगाम आणि रात्र टाळून जा. जिथे बंदी आहे तिथे जाऊ नका. अनेक ठिकाणी किनाऱ्यावर गाडीला बंदीच असते, ती या कारणांसाठीही असते.

गियरबॉक्स
रात्र टाळण्याचं कारण मला माहीत नव्हतं. पिल्लं रात्री बाहेर येतात का?

समुद्रपक्षी
हो, बहुतेक रात्रीच. आणि समुद्रावरच्या उजेडाच्या अंदाजाने दिशा धरतात, हेडलाइटने ती चुकते.

गियरबॉक्स
मग रात्री जाणं आजपासून बंद. सांगितलंत ते बरं केलंत.

पाना_पक्कड
किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी भरतीची वेळ बघूनच जावं. ओहोटी लागल्यावर शिरायचं, भरती चढायच्या आत बाहेर. पाण्याच्या कडेला रुतलेली गाडी दर लाटेने थोडी थोडी खाली जाते, कारण प्रत्येक लाट चाकाखालची वाळू काढून नेते. आणि खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

निवडुंग
ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक आहे त्यांनी गियरबॉक्सच्या तापमानाकडे लक्ष ठेवा (सदस्य गियरबॉक्स नव्हे, गाडीचा!). वाळूत ऑटोमॅटिक सोपी पडते, गियर बदलताना गती तुटत नाही. पण इंजिनाची ताकद तेलामार्फत गियरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर तापतो. पाठीमागून वारा असेल तर रेडिएटरलाही हवा कमी मिळते. तापमान चढलं की थांबा, उताराकडे तोंड करून, म्हणजे निघताना वाळूशी झुंजावं लागणार नाही. थांबताना ब्रेकही दाबू नका, नुसता ॲक्सिलरेटर सोडून द्या, गाडी आपोआप थांबते. ब्रेक लावला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो.

गियरबॉक्स
सदस्य गियरबॉक्सचं तापमान ठीक आहे :)

पायवाट
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर सांगतो, कारण तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

टायर घेतले नाहीत, लॉक बसवला नाही. दोन्ही गाड्यांना मागेपुढे भार छापलेले रिकव्हरी पॉइंट बसवून घेतले. नायलॉनचा दोर, फावडी दोन, झेंडे, हवा मोजायचा काटा आणि छोटा कंप्रेसर घेतला. पाणी भरपूर ठेवलं. पहाटे पोचलो. वाळूच्या तोंडाशी थांबून १८ वर आणली.

पहिल्या शंभर मीटरमध्येच फरक कळला. गाडी वाळूवर होती, वाळूत नव्हती. मागच्या वेळी इंजिन ओरडत होतं, या वेळी गुणगुणत होतं. पुढे भुसभुशीत लागलं तेव्हा १५ केली. प्रत्येक मोठ्या माथ्याआधी चालत जाऊन पाहिलं. एका ठिकाणी पलीकडे घसरण सरळ खड्ड्यात संपत होती, वरून अजिबात दिसत नव्हती. तिथून परत फिरलो. सारथी ताई, त्या माथ्यावर उभा असताना तुमच्या भावाची आठवण आली.

एकदा अडलो. चढावर गाडी थांबली, चाक फिरायला लागलं आणि मी पाय उचलला. निवडुंग, त्याच सेकंदाला! रिव्हर्स टाकला, चाकोरीतून खाली आलो, दुसऱ्यांदा थोडी गती धरून चढलो. मित्र खालून बघत होता. वर आल्यावर म्हणाला, "आता बरं." त्याच्याकडून हे म्हणजे भाषण झालं.

दोर पिशवीतून बाहेरच काढावा लागला नाही. उन्हं वर यायच्या आत बाहेर पडलो.

एक प्रश्न राहिला. रस्त्यापर्यंत दहाएक किलोमीटर कच्ची वाट होती. तिथे हवा लगेच भरावी की रस्त्याला लागल्यावर? आम्ही रस्त्याशी भरली.

चाकोरी
वा! वाचून फार आनंद झाला.

कच्च्या वाटेवर दगड असतील तर वाळू संपताच २५ पर्यंत भरून घ्या. मऊ टायरची बाजूची भिंत फुगून बाहेर येते आणि टोकदार दगडाने तीच फाटते. वाट मातीची, सपाट असेल आणि हळू चालवणार असाल तर रस्त्यापर्यंत चालेल. डांबरी रस्त्यावर मात्र पूर्ण भरल्याशिवाय एक किलोमीटरही नाही. मऊ टायर वेगात आतून तापतो आणि फुटतो, वळणावर गाडी डोलते ते वेगळंच. कंप्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवा, बॅटरी उतरणार नाही. टायर गरम असताना काटा जास्त दाखवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजा.

पायवाट
सकाळी मोजलं. तीन चाकांत ३३, एकात ३१. आता चारही ३५ वर आणली.

टिटवी
अभिनंदन पायवाट! झडपेच्या टोप्या?

पायवाट
चारही शर्टाच्या खिशात होत्या, टिटवी. मित्राच्या तीन मिळाल्या. त्याने चौथी बॉनेटवर ठेवली होती.